बोट ट्रेलरवर बांधणे : विंच आवळली म्हणजे बोट बांधली असं नाही

तांडेल

बोट पाण्यावर कशी हाकायची यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ती रस्त्यावरून नेताना ट्रेलरला कशी बांधायची हे मात्र "पुढून विंच आवळा, मागून पट्टे मारा" एवढ्यावर आटोपतं. पट्टे कुठून कुठे न्यायचे, कोणत्या दिशेने, आणि विंच आवळलेली असताना पुढे आणखी साखळी कशाला, हे कुणी नीट सांगत नाही. ते इथे सविस्तर मांडतोय. ट्रेलरवरून सुटलेली बोट मागून येणाऱ्या गाडीवर जाते, आणि त्या गाडीतल्या माणसाचा यात काहीही दोष नसतो.

आधी विंच, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या खांबावरचं पट्टा गुंडाळून घेणारं हातयंत्र. तिचं काम बोट पाण्यातून ट्रेलरवर ओढून घेण्याचं. दांडा फिरवताना जो कट-कट आवाज येतो तो दातेरी चाकात अडकणाऱ्या खटक्याचा. बोटाएवढा लोखंडी तुकडा आणि त्याला दाबून धरणारी एक बारीक स्प्रिंग. पुढची सगळी भिस्त त्यावर. रस्त्यावर खड्डा आला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) उसळते आणि पट्ट्याला हिसका बसतो. असे हिसके वाटेत सतत बसत राहतात. दात झिजलेले असतील किंवा स्प्रिंग गंजून ढिली पडली असेल तर खटका निसटतो, दांडा उलटा गरगर फिरायला लागतो आणि पट्टा उलगडत जातो. गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

खटका शाबूत असला तरी विंचचा पट्टा एकाच दिशेला ओढतो, पुढे. म्हणजे तो फक्त बोटीचं मागे घसरणं अडवतो. नाळ वर उचलली गेली, मागची बाजू आडवी सरकली, यात त्याचा जवळपास काही उपयोग नाही. म्हणून माझं सांगणं असं की "किती पट्टे" हा प्रश्नच बाजूला ठेवा. बोट कोणत्या कोणत्या दिशेला जाऊ शकते ते बघा आणि प्रत्येक दिशेला तिला कोण अडवतंय ते नेमकं दाखवा.

ब्रेक मारल्यावर बोट पुढे जाते. तिथे नाळेसमोरचा रबरी ठोकळा (काहींना रोलर असतो) आणि तो ज्यावर बसवलाय तो विंचचा खांब उभा असतो. पण नाळ तिरकी असते. त्यामुळे बोट ठोकळ्याला नुसती धडकत नाही, त्याच्यावर चढू पाहते. म्हणून नाळेच्या कडीतून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत खाली आणि जराशी मागे जाणारा एक वेगळा पट्टा लागतो. तो नाळेला खाली धरतो आणि पुढे चढूही देत नाही. शिवाय त्याच कडीतून एक साखळी चौकटीला, पूर्ण स्वतंत्र. विंच आणि पट्टा दोन्ही गेले तर धरायला ती.

मागे ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट, उभ्या भिंतीच्या) दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांपासून दोन वेगवेगळे पट्टे, खाली आणि किंचित पुढे जाणारे. खाली ओढल्याने बोट उसळत नाही, दोन बाजूंना दोन असल्याने आडवी सरकत नाही, आणि पुढे झुकल्याने चढावर मागे येत नाही.

जोर किती लागतो तेही सांगतो. माल बांधण्याच्या ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकात आणि अमेरिकेतल्या मालवाहू वाहनांच्या नियमांत हिशेब जवळपास सारखाच आहे: पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट. इंजिन आणि इंधन धरून बोट १००० किलोची असेल तर जोराचा ब्रेक लागल्यावर ती ८०० किलोच्या जोराने पुढे जायला बघते, आणि वळणावर ५०० किलोच्या जोराने बाजूला. हा ब्रेक म्हणजे काही टक्कर नव्हे. ताशी ८० किलोमीटरवरून सुमारे ३२ मीटरांत गाडी थांबवायची म्हटलं की इतकाच जोर लागतो. समोर कुणी आडवं आलं तर आपण असाच ब्रेक मारतो.

सागरगोटा

धागा अगदी वेळेवर आला. माझ्याकडे पाच मीटरची फायबरची बोट आहे, बंकवाल्या ट्रेलरवर (बोट गालिचा लावलेल्या लांब फळ्यांवर बसते तो). मागे कड्या आहेत आणि रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून खटक्या-खटक्याने आवळायचे, दोन पट्टे घेतलेत. तीन प्रश्न आहेत. ओळखीतले एक जण म्हणतात, काठावर दोर बांधायचे जे क्लीट असतात त्यांनाच पट्टे लावा, हात पोचायला सोपं. चालेल का? मागचे पट्टे सरळ लावायचे की एकमेकांना छेदून? आणि रॅचेट किती आवळायचं? जास्त आवळून बोटीला तडा जाईल अशी भीती वाटते.

तांडेल

क्लीटना नको. ते बोट धक्क्याला बांधायला असतात, ओढ साधारण आडवी येईल असं धरून बसवलेले. बऱ्याच बोटींत ते पातळ डेकवर नुसत्या स्क्रूने बसवलेले असतात, खालून आधाराची पट्टी नसते. रस्त्यावरच्या हिसक्यांनी स्क्रू हळूहळू सैल होतात आणि एक दिवस क्लीट डेकच्या तुकड्यासकट हातात येतो. ट्रान्समची कडी तशी नसते. ती ट्रान्सममधून आरपार जाते आणि आतल्या बाजूने पट्टी आणि नटांनी धरलेली असते. एकदा आत टॉर्च मारून नट घट्ट आहेत ना ते बघून घ्या.

सरळ की छेदून, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटतील. छेदून लावले की आडवी पकड वाढते हे खरं. पण पट्टा इंजिनच्या पायाला, तळातलं पाणी सोडायच्या प्लगला किंवा मासे शोधायच्या यंत्राच्या सेन्सरला घासतो, आणि घासणारा पट्टा तुटतो. बंक नीट बसवलेले असतील तर दोन आखूड, सरळ पट्टे पुरतात. पट्टा जितका आखूड तितका तो कमी ताणला जातो. कोनाकडेही लक्ष द्या. पट्टा उभ्या रेषेपासून ४५ अंश कलला तर खाली ओढणारा जोर ७० टक्क्यांवर येतो, ६० अंश कलला तर निम्माच उरतो.

किती आवळायचं, त्याची खूण अशी. हाताने ओढून पट्टा ताठ करा, मग रॅचेटचे दोन-तीन खटके. आता ट्रान्समचा कोपरा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. ट्रेलर स्प्रिंगांवर बोटीबरोबर डुलला पाहिजे. बोट वेगळी आणि ट्रेलर वेगळा हलत असेल, बंक आणि तळ यांच्यात बारीकशी जरी फट उघडत-मिटत असेल, तर आणखी एक खटका. दोघं एकत्र हलू लागले की थांबा. फायबरला तडा जातो तो ट्रान्सम बंकच्या टोकांमागे अधांतरी लटकत असताना त्याला खाली ओढल्यामुळे. म्हणून आधी बंकची मागची टोकं ट्रान्समच्या रेषेपर्यंत पोचतात ना ते बघा. पोचत नसतील तर न आवळताही तळाला कालांतराने बाक येतो, आणि बाक आलेली बोट पाण्यातही सरळ धावत नाही.

क्रमही महत्त्वाचा. पुढून नाळ ठोकळ्याला पूर्ण टेकवायची, मग साखळी आणि खालचा पट्टा, मग मागचे दोन पट्टे, आणि शेवटी परत पुढे जाऊन विंच तपासायची. मागचे पट्टे आवळताना बोट किंचित पुढे सरकते आणि मघाशी ताठ असलेला विंचचा पट्टा सैल पडलेला सापडतो.

पानाकुलूप

तांडेल यांच्याशी सहमत. सामानाबद्दल थोडं लिहितो, माझा हात रोज त्यातच असतो.

पट्ट्याच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुतेक वेळा तुटण्याचा असतो. वापरायचा आकडा बारीक अक्षरांत शिवलेल्या चिठ्ठीवर असतो. अमेरिकी चिठ्ठीवर तो 'वर्किंग लोड लिमिट' म्हणून येतो आणि सहसा तुटण्याच्या आकड्याच्या एक तृतीयांश असतो. म्हणजे १५०० किलोला तुटणारा पट्टा ५०० किलोचाच समजायचा. युरोपीय पट्ट्यावर 'एलसी' नावाचा आकडा डेकान्यूटनमध्ये असतो, आणि १ डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलोचा जोर. त्याच चिठ्ठीचा रंगही काही सांगतो: निळी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची, तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची. बोटीला निळीच घ्या. नायलॉन जास्त ताणतो आणि भिजला की आणखी सैलावतो. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने कुजतो, हातात चुरगळला की भुकटी पडते. चिठ्ठी निघून गेलेला पट्टा मी वापरत नाही. त्याची ताकद किती ते सांगणारं काहीच उरलेलं नसतं.

रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे निदान दीड-दोन वेढे बसले पाहिजेत. त्याहून कमी असले तर पट्टा घसरतो, तीनपेक्षा जास्त झाले तर गाठोडं होऊन रॅचेट उघडत नाही. म्हणून आवळायच्या आधीच सैल भाग हाताने ओढून काढायचा.

उघड्या तोंडाचे एस आकाराचे हुक बोटीला नकोत. खड्ड्यात ट्रेलर दबला की क्षणभर ताण जातो, तेवढ्यात हुक कडीतून निसटतो. तोंडाला स्प्रिंगची जीभ असलेला हुक घ्या. साखळीला मात्र हुकपेक्षा पिनवाला शॅकल (यू आकाराची, पिनने बंद होणारी कडी) बरा, आणि पिनला तार मारून ठेवायची म्हणजे ती हादऱ्यांनी उघडत नाही.

आणि एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. विंचचा पट्टा, नाळेची साखळी आणि खालचा पट्टा हे तिन्ही विंचच्या खांबाला बांधलेले दिसतात. खांब चौकटीला बऱ्याचदा दोन यू बोल्टांनीच धरलेला असतो. बोल्ट सैल झाले की खांबच वाकतो आणि तिन्ही एकदम जातात. साखळी आणि खालचा पट्टा खांबाला नको, थेट चौकटीच्या दांड्याला हवा. जाता जाता त्या यू बोल्टांवर पाना टाकून बघा.

जुनं_सुकाणू

मी वर्षानुवर्षं विंच आणि मागून एक दोर एवढ्यावर बोट नेत आलोय. हजार किलोची बोट गालिचा लावलेल्या फळ्यांवर बसली की ती स्वतःच्या वजनानेच जागची हलत नाही, असा माझा अनुभव आहे. इतक्या साखळ्या खरंच लागतात का? नवीन माणूस हे सगळं वाचून बोट घ्यायचाच विचार सोडून देईल.

तांडेल

तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगात घर्षण खरोखर धरून ठेवतं. पण घर्षण असतं ते बोटीचं वजन फळीवर दाबलेलं असेपर्यंत. चाक खड्ड्यातून बाहेर येताना ट्रेलर वर फेकला जातो आणि लगेच खाली पडतो. त्या क्षणी बोट फळीवर जवळपास टेकलेलीच नसते. नेमकं तेव्हाच वळण असेल किंवा ब्रेक लागला असेल तर तिला धरायला काही नसतं. खाली ओढणारे पट्टे हवेत ते यासाठीच, बोट फळीवर दाबलेली राहावी म्हणून. त्यात बोट नुकतीच पाण्यातून काढलेली असते, गालिचा ओला आणि बुळबुळीत. रोलरवाला ट्रेलर असेल तर घर्षणाचा प्रश्नच नाही, तो बोट घसरावी म्हणूनच बनवलेला असतो.

साखळ्यांची संख्या फार नाही हो. पुढे विंच, साखळी, एक पट्टा. मागे दोन पट्टे. पाच गोष्टी झाल्या, सवय झाली की पाच मिनिटांत होतात.

वल्हेकरी

छोट्या ॲल्युमिनियमच्या बोटींना मागे कड्याच नसतात. मग लोक एकच लांब पट्टा काठावरून पलीकडे टाकून आवळतात. तो चालतो, पण काठाखाली रबर किंवा जाड कापड घालायचंच. नाहीतर काठाची कड पट्टा कापते आणि पट्टा काठ आत दाबतो. रॅचेटने ॲल्युमिनियमचा काठ वाकवायला फारशी ताकद लागत नाही. अशा बोटीला मी रॅचेटऐवजी बकलचा साधा पट्टा वापरतो, जो हाताच्या जोरापलीकडे आवळलाच जात नाही. कायमचा उपाय मात्र ट्रान्समला दोन कड्या बसवून घेणं. आतून रुंद पट्टी, आणि भोकांत सीलंट भरायचं म्हणजे पाणी मुरत नाही.

दोरच वापरायचा असेल तर पॉलिएस्टरचा घ्या आणि ट्रकवाले मारतात ती ओढगाठ शिकून घ्या. दोराच्या मध्ये फास करून त्यातून टोक ओढलं की कप्पीसारखा ताण मिळतो. साध्या गाठीने तेवढा ताण येत नाही.

शीडवाली

शिडाच्या बोटीला वेगळी कटकट असते. डोलकाठी आडवी करून वर ठेवलेली, तिचं टोक मागे लोंबतं. तिला बोटीच्या नुसत्या रेलिंगला बांधायचं नाही. पुढे, मध्ये आणि मागे असे तीन आधार हवेत, आणि डोलकाठी पुढे-मागे सरकू नये म्हणून एक दोर खास त्या दिशेने हवा. वर तांडेल यांनी दिशांचं जे सांगितलंय ते डोलकाठीलाही जसंच्या तसं लागू आहे. तारा आणि दोर गुंडाळून डोलकाठीला जागोजागी बांधायचे, सुटी तार वाऱ्याने जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) घासून काढते. मागे लोंबणाऱ्या टोकाला लाल कापड आणि रात्री दिवा लावायचा. किती लांब लोंबलेलं चालतं ते आपापल्या ठिकाणच्या नियमात बघून घ्या.

लांब आडव्या पट्ट्याबद्दल एक सांगते. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो, घूं असा आवाज करत थरथरतो, आणि त्या थरथरीने रॅचेटही सैल होतं आणि पट्ट्याची वीणही झिजते. मोकळ्या भागात एक पीळ दिला की थरथर बंद होते.

पानाकुलूप

शीडवाली ताई, पिळाबद्दल जरा सावध करतो. पट्टा सपाट वापरा असंच बनवणारे सांगतात, कारण पिळलेल्या जागी ताण एका कडेवर येतो. पट्टा रॅचेटमध्ये शिरतो तिथे, कडीवरून वळतो तिथे आणि काठावर टेकतो तिथे पीळ अजिबात नको.

शीडवाली

बरोबर, म्हणून मी मोकळ्या भागात म्हटलं. दोन टेकूंच्या मध्ये जो हवेत असतो तेवढ्यातच एक पीळ, तोही अर्धाच. मागच्या आखूड पट्ट्यांना त्याची गरजच पडत नाही.

पानाकुलूप

असं असेल तर हरकत नाही. पट्ट्याचं उरलेलं शेपूट मात्र विसरू नका. गुंडाळून, पट्ट्यातच खोचून, वरून चिकटपट्टी किंवा दोरीने बांधायचं. लोंबणारं शेपूट चाकाच्या आसात गुंडाळलं गेलं की रॅचेटसकट पट्टा उखडतो.

आता इंजिनबद्दल. आउटबोर्ड (ट्रान्समला बाहेरून लावलेलं इंजिन) वर उचलून ठेवल्यावर एक छोटी लोखंडी जीभ खाली पाडून त्यावर इंजिन टेकवलेलं दिसतं. ती जीभ इंजिनची देखभाल करताना ते वर राहावं म्हणून असते. रस्त्यावरचे हादरे तिने सोसावेत अशी ती नसते. इंजिनच्या पायाखाली ट्रेलरपासून येणारा आधारदांडा घाला, किंवा उचलणाऱ्या सिलिंडरवर बसणारे ठोकळे घाला. दांडा वापरत असाल तर मागचे पट्टे घट्ट असलेच पाहिजेत. दांड्याचं एक टोक ट्रेलरवर असतं आणि दुसरं बोटीवरच्या इंजिनवर. बोट उसळली तर तोच दांडा प्रत्येक खड्ड्यात इंजिनला खालून ठोसे मारतो आणि ते ठोसे ट्रान्समला बसतात.

लाटांवर

रबरी काठाच्या बोटी बांधताना पट्टा हवेच्या नळ्यांवरून नेऊ नये हे जोडतो. उन्हात नळीतली हवा तापून फुगते, पट्टा रुततो. संध्याकाळी हवा थंड होऊन आकसते, तोच पट्टा सैल पडतो. शिवाय रबर घासून निघतं. खालच्या कडक तळाला कड्या असतात, त्यांनाच बांधा.

सागरगोटा

खूप शिकायला मिळतंय. आणखी एक विचारतो. माझ्या ट्रेलरवर बोट ठोकळ्यापासून साधारण चार बोटं मागे राहते. विंचने ताठ होते, पण ठोकळ्याला टेकत नाही. तसंच राहू दिलं तर काय बिघडतं?

तांडेल

बरंच बिघडतं. एक तर ब्रेक लागला की बोटीला धावायला तेवढी जागा मिळते आणि ती ठोकळ्यावर आदळते. आणि दुसरं, ट्रेलरचं पुढचं टोक गाडीमागच्या ज्या लोखंडी गोळ्यावर अडकवतात त्या गोळ्यावर पडणारं वजन बदलतं.

हिशेब करून बघा. बोट १००० किलो, गोळ्यापासून आसापर्यंत अंतर ४ मीटर. बोट १० सेंटिमीटर मागे राहिली तर गोळ्यावरचं वजन २५ किलोने कमी होतं. ७५ किलो असायला हवं तिथे ५० उरलं. बोटीच्या ट्रेलरला हे वजन एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावं असं अमेरिकेतले बनवणारे सांगतात, तर युरोपातल्या पुष्कळ गाड्यांच्या हिचवर (ट्रेलर जोडायच्या जोडणीवर) कमाल ७५ किंवा १०० किलो असं लिहिलेलंच असतं. जास्त झालं तर गाडीचं मागचं अंग दबतं आणि पुढच्या चाकांची पकड जाते. कमी झालं तर ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो, आणि वेग वाढला की डुलणंही वाढतं. डुलायला लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा. गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, ट्रेलर ढकलत येतो.

तुमच्या बाबतीत बहुधा ठोकळ्याची उंची चुकलेली आहे. ठोकळा कडीच्या जराच वर असायला हवा, म्हणजे कडी त्याच्या खाली येते आणि नाळ वर जायला बघते तेव्हा ठोकळाच तिला अडवतो. खांबाचे बोल्ट सैल करून ठोकळा आणि खांब जुळवून घ्या, मग गोळ्यावरचं वजन काट्यावर तपासा. त्यासाठीचा खास काटा नसेल तर साधा वजनकाटा ट्रेलरच्या तोंडाखाली योग्य उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवूनही कळतं. फक्त ट्रेलर सपाट जमिनीवर आणि चाकांना अडसर लावलेला हवा.

याच कारणासाठी तळातल्या पाण्याचा प्लग रस्त्यावर उघडा ठेवावा. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, आणि ते सगळं मागे ट्रान्समपाशी साठतं. पाऊस लागला तर निघून जायला वाट हवी. प्लग गाडीच्या किल्लीला अडकवून ठेवा म्हणजे पाण्यात उतरवताना तो बसवल्याशिवाय किल्ली खिशात जाणार नाही.

जुनं_सुकाणू

घर्षणाचं आणि खड्ड्याचं पटलं. नाळेची साखळी लावून घेतो. रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) मात्र पट्टे केव्हा सोडायचे? काही जण वरच सगळं सोडून मग ट्रेलर मागे घेतात.

तांडेल

मागचे पट्टे, इंजिनचा आधार आणि डोलकाठी वगैरे सगळं वर सपाट जागी सोडायचं, प्लग बसवायचा. पुढची साखळी आणि विंच मात्र बोटीची मागची बाजू पाण्यात जाऊन तरंगायला लागेपर्यंत सोडायची नाही, विशेषतः रोलरच्या ट्रेलरवर. सुक्या उतारावर दोन्ही सोडली की बोट रोलरवरून मागे निघते आणि काँक्रीटवर आपटते. हाताने ती थांबत नाही, कुणी थांबवायलाही जाऊ नये. उलट मागचे पट्टे सोडायचे राहिले तर बोट तरंगताना ट्रेलरला बरोबर उचलू पाहते. म्हणून खाली जायच्या आधी मागून एक फेरी मारायची.

वल्हेकरी

निघाल्यावर पहिला थांबा कधी घेता? मी दहा-पंधरा किलोमीटरवर घेतो.

तांडेल

तोच. पहिल्या काही किलोमीटरात बोट गालिचावर दबून बसते आणि पट्टे हमखास एखाद-दोन खटके सैल सापडतात. ते आवळले की पुढे सहसा टिकतात, तरी प्रत्येक थांब्याला हात लावून बघतो. हिचपाशी साखळ्या गोळ्याखाली एकमेकींना छेदून आहेत ना तेही बघायचं, म्हणजे कपलर (गोळ्यावर बसणारी ट्रेलरची पकड) निसटला तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न पडता त्या झोळीत राहतं. चाकाच्या मधल्या हबजवळ हाताचा मागचा भाग न्यायचा. कोमट ठीक, हात धरवत नसेल तर बेअरिंगमध्ये काहीतरी आहे. आणि तापलेलं हब लगेच पाण्यात बुडवायचं नाही, आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेते. रॅम्पवर पोचल्यावर थोडं थांबून मगच उतरायचं.

बोटीतल्या गाद्या, झाकणं, लाइफ जॅकेट हेही बांधणीतच धरा. छत मिटून, कापडात गुंडाळून. ताशी ८० च्या वाऱ्याने उडालेली गादी मागच्या गाडीच्या काचेवर बसते.

सागरगोटा

माझा विंचचा पट्टा कडेने थोडा केसाळ झालाय. बदलायचा का? आणि बदलताना काय बघायचं?

पानाकुलूप

कडेचा केसाळपणा म्हणजे वीण तुटायला लागली, बदला. एवढ्यावर थांबू नका, पट्टा ड्रमवरून पूर्ण उलगडून बघा. बाहेरचा मीटरभर भाग चांगला दिसतो आणि आतले वेढे खारं पाणी धरून ठेवतात. तिथे शिवणीचा धागा पांढरा पडून ताठर झालेला असतो, नखाने खरवडला की सुटतो. हुकची स्प्रिंग आणि ड्रममधला बोल्टही त्याच वेळी बघून घ्या, बहुतेक वेळा गंज तिथूनच सुरू झालेला असतो. नवा पट्टा जुना ज्या बाजूने गुंडाळलेला होता त्याच बाजूने घालायचा. उलटा घातला तर खटका उलट्या दिशेला धरतो. घालायच्या आधी जुन्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बोट वर असताना ड्रमवर निदान दोन-तीन वेढे उरतील एवढी लांबी घ्या, म्हणजे सगळा ताण त्या एका बोल्टवर जात नाही. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर विंच, साखळी, रॅचेट सगळं गोड्या पाण्याने धुऊन, पट्टा उलगडा ठेवून वाळवा. रॅचेटच्या खटक्याला हलकं तेल द्या, पट्ट्याला तेल लागू देऊ नका.